राणी गवंड्यासमोर बसली

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. आठवीत स्वतःच गटांगळ्या खाल्लेल्या माणसाला कोण शाळेत घेणार? पोलिसांत शिपाई म्हणून कसेबसे चिकटले आणि चोरांपेक्षा साहेबांनाच जास्त घाबरले. मग कुणीतरी त्यांना कुत्र्यांच्या पथकात ढकललं आणि गडी खुलला. कुत्र्यांना शिकवतात म्हणून गल्लीने त्यांना मास्तर करून टाकलं, ते निवृत्तीनंतरही तसंच राहिलं.

राणी ही त्यांची पहिली कुत्री. ती जेवल्याशिवाय त्यांनी कधी घास घेतला नाही. गळ्यात पदक घातलेला तिचा फोटो बैठकीच्या खोलीत टांगलेला होता. बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “लग्नाचा फोटो कपाटात आहे. भिंतीवर सवत.” मास्तर हसायचे. पण त्या फोटोसमोरच्या खुर्चीत ते कधी बसत नसत, हे तिने केव्हाच हेरलं होतं.

त्याला कारण एका शिंपिणीचा खून. दुकानाच्या मागच्या खोलीत तिचं प्रेत आणि दाराशी कुणाची तरी टोपी सापडली होती. राणीला टोपीचा वास दिला आणि ओळीत उभ्या केलेल्या माणसांसमोरून फिरवलं. ती एका गवंड्यासमोर बसली. बसली म्हणजे हाच. बिचाऱ्या गवंड्याला यातलं काय ठाऊक? तो वाकला, हसला आणि त्याने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसरा धड पुरावा नव्हता, तरी जन्मठेप झाली. तुरुंगातच तो गेला.

तो हात मात्र मास्तरांच्या मागे लागला. सिमेंटने फुटलेला, नखांत चुना बसलेला. कुठल्याही कुत्र्याला कुणी कुरवाळलं की मास्तरांना तोच हात दिसे. झोपेत बडबडत, दचकून उठत. बायकोने विचारलं तर म्हणत, “पित्त झालंय.” राणी चुकत नाही, एवढं एकच ते घट्ट धरून बसले होते. ते सुटलं असतं तर उभं राहायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

आणि एके दिवशी गवंड्याची मुलगी दारात आली. पन्नाशी गाठलेली, शांत बाई. सोबत वकीलबाई होत्या. न्यायालयाने ते जुनं प्रकरण पुन्हा तपासायला घेतलं होतं.

वकीलबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. “काका, संशय कुणावर आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं का?”

“साहेबांनी सांगितलं होतं. पण वास राणीने घेतला, मी नाही.”

“दोरी तुमच्या हातात होती ना?”

मास्तरांचं डोकं फिरलं. “दोरीला नाक असतं का? चला अंगणात, दाखवतोच.”

ढमी ही त्यांची आताची कुत्री, त्याच पद्धतीने शिकवलेली. त्यांनी गवंड्याच्या मुलीचा रुमाल मागितला. “थांबा, पिशवीत घालून आणते, दुसरा वास लागायला नको,” म्हणत बायको तो आत घेऊन गेली आणि कागदी पिशवी आणून मास्तरांच्या हातात दिली. मग ओळ लागली. सून, बायको, शेजारचे पेन्शनर, शेवटी गवंड्याची मुलगी. ढमीने पिशवीत नाक खुपसलं आणि ती निघाली, दोरी मास्तरांच्या हातात. बायकोपाशी जरा रेंगाळली, शेपूट हलवली, पुढे गेली. आणि मुलीसमोर जाऊन बसली.

मास्तरांचा चेहरा उजळला. “पाहिलंत?”

“अहो,” बायको म्हणाली, “पिशवीत माझा रुमाल आहे. यांचा आत फडताळावर ठेवलाय.”

मास्तरांनी पिशवी उघडली. बायको रोज कमरेला खोचत असे, तोच रुमाल होता.

“माझ्यापाशी थांबली होती ती. तुम्ही दोरी ताणलीत.”

“मी नाही ताणली.”

“ताणलीत. तुमचं तुम्हालाही कळलं नाही.”

मास्तरांनी दोरी सोडून दिली. “तू असं का केलंस गं?”

“इतकी वर्षं झोपेत कुणाची तरी माफी मागताय. कुणाची, ते मला आज कळलं.”

ढमी अजून मुलीसमोर शहाण्यासारखी बसून होती. मुलीने विचारलं, “बाबांसमोर अशीच बसली होती?”

मास्तरांनी मान हलवली. मग त्यांना रडू फुटलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

वकीलबाई म्हणाल्या, “हे न्यायालयात सांगाल?”

“सांगेन. राणीचा दोष नाही. मी नेलं तिथे ती बसली.” मास्तर मुलीकडे वळले. “तुमच्या वडिलांचं सांगणारच आहे, बाई. पण राणीनंतरही माझ्याकडे कुत्री होती. तीही अशीच बसायची. आणि साहेब आधीच कानात नाव सांगायचे.”

वकीलबाईंचं पेन थांबलं. “त्यातली किती माणसं आठवतात?”

“सगळी,” मास्तर म्हणाले. “एक अजून तुरुंगात आहे. आधी त्याचं लिहा.”