ईस्टरनंतरचा सोमवार

“चहानं माझं काय वाकडं केलंय, म्हणून मी चहा सोडू?” लेंत जवळ आला की ती हे म्हणायचीच. लेंत म्हणजे ईस्टरआधीचा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ. तिच्या चर्चमध्ये कुणी मटण सोडत, कुणी गोड, कुणी मोबाइलवरच्या मालिका, आणि ईस्टरच्या दुपारी सगळे त्यावरच तुटून पडत. हिला ते मुळीच पटायचं नाही.

आम्ही दोघी म्हैसूरमधल्या मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात होतो. मी स्टोअरमध्ये, ती तयार माल तपासायच्या टेबलावर. ती मिरजेकडची, लग्न होऊन म्हैसूरला आलेली. आमचं घराणं इथलंच, पिढ्यान्‌पिढ्या. “दर वाक्यात एक ‘सुम्ने’ घातल्याशिवाय तुला बोलता येत नाही का गं?” असं म्हणून ती माझ्या मराठीला हसायची. सुम्ने म्हणजे उगीच. ते शाळेत जायच्या आधीपासून माझ्या जिभेवर आहे, ते कसं जाणार? सगळे तिला अक्का म्हणत, मीही म्हणायचे.

तुम्ही कारखान्यात काम केलं असेल, तर संप फुटतो म्हणजे काय होतं ते सांगायला नको. आमचाही फुटला. आम्ही सगळे पुढच्या गेटवर बसलेलो असताना आमच्यातलाच एक ऑपरेटर मागच्या गेटनं आत गेला आणि मशीन चालू केली. त्याच्यामागून आणखी काही गेले, पण नाव त्याचंच झालं. संप मोडला, आणि गेटवर घोषणा देणाऱ्या पोरांना कंपनीनं काढून टाकलं. त्यात अक्काचा मुलगा होता.

त्या माणसाला आम्ही वाळीत टाकलं. हो, टाकलं, आणि मला त्याची लाज नाही वाटत. कॅन्टीनच्या कोपऱ्यात तो एकटा जेवायचा. त्याच्याकडे पाण्याचा जगसुद्धा कुणी सरकवत नसे.

त्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंतच्या पहिल्या दिवशी, अक्का कपाळाला राख लावून कामाला आली. जेवणाची सुट्टी झाली तशी तिनं डबा उचलला आणि सरळ जाऊन त्याच्यासमोर बसली. तो घाबरून उठला आणि दुसऱ्या टेबलावर गेला. ही डबा घेऊन त्याच्यामागे. तो मान खाली घालून भराभर गिळायला लागला, तेव्हा आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “सावकाश जेवा. मलाही हौस नाही.”

मी तिला गाठलंच. म्हटलं, “अक्का, काय चाललंय हे?”

“लेंत पाळतेय.”

“असा?”

“मग कसा? प्रभू म्हणतो वैऱ्यावर प्रीती करा. प्रीती मला जमत नाही. समोर बसून जेवणं जमेल.”

आमच्या बायकांच्या टेबलाची पुढारीण पॅकिंगमधली एक जाडजूड बाई होती. तिनं निकाल दिला की हे व्रत आहे, व्रताच्या आड येऊ नये. आम्हांला ते लगेच पटलं. सोळा सोमवार आम्हीही केलेले. व्रताला उद्यापन असतं. ईस्टर झाला की हिचं उद्यापन होईल आणि ही येईल परत आपल्या टेबलावर. सगळं कसं सोपं.

ईस्टरनंतरच्या सोमवारी आम्ही तिची खुर्ची राखून ठेवली. पुढारीण घरून केसरीभात करून घेऊन आली होती, चांगलं तूप सोडून. अक्का आली. केसरीभाताचा वास घेतला, “वा,” म्हणाली, वाटीत वाढून घेतला, वर आणखी एक चमचा घेतला, आणि वाटी घेऊन त्याच्या टेबलाकडे निघाली.

“अक्का, लेंत संपला,” पुढारीण म्हणाली. “उद्यापन झालं ना तुझं?”

“आमच्यात उद्यापन नसतं. ईस्टरला प्रभू कबरीतून उठला. उठून काय परत जाऊन झोपला?”

“त्याच्यापायी तुझ्या पोराची नोकरी गेली. विसरलीस?”

मग ती वळली. वाटी हातात तशीच. “माझ्या पोराची गेली. म्हणजे राग माझा. त्याचं काय करायचं ते मी ठरवीन. तुम्ही मधे पडू नका.”

आणि जाऊन बसली. केसरीभाताची वाटी दोघांच्या मधे ठेवली. त्या माणसानं काही वाटीला हात लावला नाही.

त्यानंतर आमच्या टेबलानं तिच्याशी बोलणं टाकलं. मी टाकलं नाही, पण माझं कोण ऐकतं? घरी तर त्याहून वाईट. मुलगा दुसरीकडे कमी पगारावर लागला होता. आई डबा भरताना दिसली की म्हणायचा, “त्याच्यासाठी पण भर.” तिनं खरंच दोन चपात्या जास्त भरायला सुरुवात केली. मग तो तिच्या हातचं जेवेनाच. संध्याकाळी बाहेर खाऊन यायचा. हे मला सांगताना ती रडली. एवढ्या वर्षांत तेवढं एकदाच.

चर्चचे पाळकही तिला समजवायला आले. उपवासकाळ झाला, आता घरची शांती बघा म्हणाले. ती म्हणाली, “पाळकसाहेब, एवढं प्रवचन तुम्हीच केलंत, आता मी मनावर घेतलं तर घाबरताय कशाला?”

एकदा त्या माणसानं आपण आत का गेलो ते सांगायला तोंड उघडलं. तिनं हात वर करून त्याला थांबवलं. “कारण सांगू नका. पटलं तर माझं बसणं फुकट जाईल.”

मी तिला विचारलं होतं, माफ केलंस का म्हणून. “केलं कुठं?” ती म्हणाली. “रोज त्याचं तोंड बघितलं की पोटात आग होते. म्हणून तर रोज जावं लागतं.” पुढचा लेंत आला, त्याच्या पुढचा आला. ती तिथंच जेवत राहिली. मला तिचा भयंकर अभिमान वाटायचा, आणि तेवढाच रागही यायचा. दोन्ही खरं सांगते.

मागच्या उन्हाळ्यात ती गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दफनाला आम्ही सगळ्या होतो, पुढारीणसुद्धा, डोळे पुसत. पेटी खाली सोडली. एकेक जण पुढे होऊन मूठभर माती टाकू लागला. तेवढ्यात मला तो दिसला. दफनभूमीच्या गेटबाहेर, रस्त्याच्या कडेला, कंपनीच्या शर्टातच उभा. आत यायची हिंमत नव्हती त्याची.

अक्काच्या मुलानंही त्याला बघितलं. तो तरातरा गेटकडे निघाला. आता इथं, आईच्या कबरीपाशी, हाणामारी होणार. मी त्याच्यामागे धावले.

तो गेटपाशी थांबला. मग कन्नडमध्ये म्हणाला, “मी तुम्हांला माफ केलेलं नाही. या, माती टाकायची राहिलीय तुमची.”