माय पुढच्या दारानं गेली

वडील गेले तेव्हा मी सहावीत होतो. अकोल्यात एक टिनाची खोली. माय दुपारी कामावर जायची. “मेसमधी भांडे घासतो,” एवढंच सांगायची. तिच्या बोटांची कातडी पाण्यानं पांढरी पडलेली असायची आणि हाताला लिंबाचा वास. त्या कामावर मी अमरावतीला शिकलो आणि आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगतो.

मग पुण्यात नोकरी लागली, पण कच्ची. अशात आयर्लंडहून कंपनीचा मोठा ग्राहक यायचा होता. साहेब म्हणाले, “त्याला आपलं काम आवडलं तर तुझी कायमची ऑर्डर निघेल. आणि एक चांगला आयरिश पब शोधून ठेव. मागच्या वेळी तो अर्धा ग्लास टाकून उठला होता.”

मी आयुष्यात बारची पायरी चढलो नव्हतो. मायची शपथच होती तशी. आयर्लंडचा रंग हिरवा, एवढं ऐकून होतो, म्हणून हिरव्या पाट्या बघून तीन पब निवडले. आत डोकावलो तर पिंपाचे टेबल, भिंतीवर तीन पानांचं गवत, मोठ्या पडद्यावर क्रिकेट आणि कानठळ्या बसवणारी पंजाबी गाणी. कोणता चांगला, कसं ठरवणार?

माय तेव्हा माझ्याकडं आली होती. तिनं माझं साहेबांशी फोनवरचं बोलणं ऐकलं.

“कोनाले दारू पाजून राह्यला रे तू?”

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता माझी खैर नाही. तिनं पदर खोचला. “चाल. मी येतो तुह्यासंग.”

पहिल्या पबाच्या दारातूनच तिनं वेटरला रिकामा ग्लास मागितला. उजेडात धरून फिरवला आणि नाकाशी नेला. “चाल इथून.” दुसऱ्या ठिकाणीही तेच.

“काय झालं माय?”

“ओल्या फडक्याचा वास येऊन राह्यला. तेलकट ताटायसंग धुते हे लोक.”

तिसऱ्या पबाशी ती दारात थांबलीच नाही. थेट बाजूच्या बोळीत शिरली. मी हाका मारत राहिलो. थोड्या वेळानं मागून हसत आली. “हे घे. इथं गिलास येगळे धुते, उलटे ठेवून निथळू देते. धुनारी बाई आपल्याच तिकडची हाय, वाशिमची.”

“तुले कसं माहीत हे सगळं?”

“चौदा वर्सं बारचेच गिलास धुतले ना मी.”

मी तिथंच पायरीवर बसलो. “आन मेस?”

“कायची मेस! परमिट रूम होती, स्टँडजवळ. साबन राह्यला, तेलकटपना राह्यला, का बिअरचा फेस मरते. म्हनून वरून लिंबू लावाचं. तुले सांगतलं असतं तं पोरायनं चिडवलं असतं. तू शाळाच सोडली असती.”

लिंबाचा वास! चौदा वर्षं मी तो हुंगला होता आणि मला काडीचं समजलं नव्हतं. चिडू की रडू, कळेना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहुण्याला तिथं नेलं. त्यानं काळी बिअर घेतली. एकेक घोट उतरत गेला तसं फेसाचं कडं काचेवर चिकटून राहिलं. त्यानं ग्लास उजेडात धरला, अगदी मायसारखा. “स्वच्छ ग्लास! लोक मला हिरवा रंग दाखवायला नेतात. हा पब कोणी शोधला?”

साहेब माझ्याकडं बघत होते. आई मेसमध्ये होती असं सांगता आलं असतं, पब मीच शोधला असंही सांगता आलं असतं.

“माझ्या आईनं. तिनं चौदा वर्षं बारमध्ये ग्लास धुतलेत.”

पाहुणा लगेच म्हणाला, “त्या कुठं आहेत? बोलवा ना.”

मायला ऑटोनं बोलावलं. उतरली ती सवयीनं बोळीकडंच वळली. मी हात धरला. “इकडून, माय.”

“पुढून? मी?” ती घाबरून बघत राहिली.

पुढं माझी ऑर्डर निघाली. पण त्याआधी त्या संध्याकाळी माय बारच्या पुढच्या दारानं आत गेली, खुर्चीवर बसली, लिंबूपाणी प्यायली आणि तिचा ग्लास दुसऱ्या कुणीतरी धुतला.