मेणाचा गोळा

मंगरूळपीरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी सहा वर्षं एकटाच वायरमन होतो. हंगामात दर आठवड्याला तासभर जिन बंद करायचो, मेन स्विच खाली ओढायचो आणि लगेच बोर्डातले तांब्याचे जोड हाताने चाचपायचो. एखादा जोड जास्त गरम लागला की त्याचा बोल्ट आवळायचो. सगळीकडे रुई उडत असायची. तापलेल्या जोडातून एक ठिणगी पडली असती तरी सगळं पेटलं असतं. शेठजींना तो तास जड जायचा, पण माझ्यावाचून त्यांचं भागत नव्हतं. ते मला आवडायचं.

मग अकोल्याहून दुसरा वायरमन आला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बोलणं कमी. पहिल्याच आठवड्यात मी जिन बंद करायला निघालो, तर म्हणाला, "कायले बंद करता भाऊ? लोड असतानाच खरं समजते."

त्याने बोर्डासमोर रबरी चटई टाकली, रबरी हातमोजे चढवले आणि मला मेन स्विचजवळ उभं केलं. "काही झालं तर मले धरू नका. आधी स्विच ओढा." मग वीज न वाहणाऱ्या बेकलाइटच्या दोन हात लांब कांडीच्या टोकाला हरभऱ्याएवढं मेण चिकटवून ते एकेका जोडाला टेकवत गेला. एका ठिकाणी मेण वितळून ओघळलं. मग तेवढा जोड आवळण्यापुरतं दहा मिनिटं सगळं बंद केलं.

शेठजी मागे उभे होते. "इतकी वर्षं आपण दर आठवड्याले तास घालवला," ते म्हणाले. म्हणाले 'आपण', पण लागलं मला.

त्या दिवशी मीच त्याला घरी जेवायला नेलं. मी मोठा आहे, हे दाखवायचं होतं. बायकोने त्याला मेणाबद्दल बारीकसारीक विचारलं आणि सहज मला म्हणाली, "तुमाले काहून नाही सुचलं हे?" मी भाकर तशीच ताटात ठेवून हात धुतला.

पुढच्या महिन्यात मधल्या जोडावर मेण वितळलं. तो जोड मी दोनच दिवसांपूर्वी आवळला होता.

"हा पक्का आहे," मी म्हणालो.

"मेण वितळून राह्यलं भाऊ."

"तुझ्या मेणाले काय समजते?" मी स्विचजवळची जागा सोडली आणि तरातरा बोर्डाकडे हात लांबवत गेलो. जिन चालूच होती. त्याने कांडी आडवी करून माझ्या छातीवर असा रेटा दिला की मी मागे जाऊन बसलोच. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानेच जाऊन स्विच ओढला.

"लेकरं हायत ना घरी?" तो हळूच म्हणाला.

जोड खोलला. बोल्ट घट्टच होता, पण खालची तांब्याची पत्ती जळून काळी पडली होती. ती न घासता मी वरून नुसता पाना फिरवला होता. जिन का थांबली म्हणून शेठजी धावत आले.

"पत्ती खराब झाली, बदलून राह्यलो," तो म्हणाला. माझं नावही घेतलं नाही.

त्याने तक्रार केली असती तर मला त्याच्याशी भांडता आलं असतं. कामात तो माझ्यापुढे होताच. आता माणूस म्हणूनही पुढे गेला. त्या दिवशी मी त्याचा सगळ्यात जास्त दुस्वास केला.

दोन हंगाम आम्ही एकत्र काम केलं. मी त्याला कधी काही विचारलं नाही, पण पाहून सगळं शिकलो. तो रजेवर असला की फिटरला स्विचजवळ उभं करून मीच कांडी धरायचो. नंतर त्याला मानोऱ्याला सरकारी नोकरी लागली.

वर्षभराने तो भेटायला आला. शेठजींनी त्याला शेजारी गादीवर बसवून चहा मागवला आणि मलाही बोलावणं पाठवलं. काम आहे, असं सांगून तो जाईपर्यंत मी बोर्डाच्या खोलीत बसून राहिलो. काम काही नव्हतं.