जांभळ्यातला निळा

मला गप्प बसता येत नाही, यावर सासर-माहेर दोघांचं एकमत आहे. कोरीटला माहेरी मी वरणात मीठ किती, यावरही वाद घालायचे. पण नंदुरबारला एका रंगारी चाचांच्या शेडमध्ये कापड रंगवायला शिकू लागले आणि माझी बोलतीच बंद झाली.

चाचांकडे डबे तीनच. लाल, पिवळा, निळा. गिऱ्हाईक ब्लाउजपीस दाखवून तशीच ओढणी मागायचं. चाचा तिन्ही डब्यांतली पूड चिमटीने उकळत्या पाण्यात सोडायचे, ढवळायचे, आणि पातेल्यातून त्या ब्लाउजपीसची सख्खी बहीण बाहेर यायची. मी हौसेने डिजिटल वजनकाटा नेला होता. चिमटीचं वजन तरी करू, म्हटलं. चाचा हसले, "मांड मांड. त्यावर चहाना कप ठेवसूत." चार दिवसांत मीच तो काटा पिशवीत घातला.

एक नियम मात्र ते कधी मोडत नसत. ओलं कापड गडद दिसतं, आणि ट्यूबलाइटखाली तर कुठल्याच रंगाचा भरवसा नाही. म्हणून आधी पांढरी चिंधी बुडवायची, इस्त्रीने सुकवायची आणि उंबऱ्यात, उजेडात ब्लाउजपीसला लावून पाहायची. जुळली तरच ओढणी पातेल्यात.

एकदा तापीकाठच्या गावातून एक गुजर बाई आल्या. मुलीचं लग्न दुसऱ्या दिवशी. जांभळा ब्लाउजपीस, पांढरी रेशमी ओढणी. चाचांनी चिंधी उंबऱ्यात धरली. मला ती लालसर दिसली, अगदी स्पष्ट. पण चाचांनी मान डोलावली. एवढा मोठा कारागीर, त्याच्यापुढे माझी काय टाप, असं वाटलं आणि मी ओढणी पातेल्यात सोडली.

ओढणी सुकल्यावर बाईंचा चेहरा उतरला. हा तो रंग नव्हे, असं त्या हळूच म्हणाल्या.

चाचांनी ओढणी उंबऱ्यात नेली. जवळ धरली, लांब धरली. मग मला विचारलं, "तुले दिखनं व्हतं का?"

"दिखनं व्हतं."

"मंग काब नही बोलनी?"

मला मान वर करवेना. ते रागावले नाहीत, हेच जास्त लागलं.

"सालभर व्हई गयं," ते म्हणाले, "निळा मले धड दिखत नही."

म्हणजे वर्षभर हा माणूस नुसत्या चिमटीच्या आठवणीवर लोकांची लग्नं रंगवत होता. मी थक्क होऊन त्यांच्या बोटांकडे बघत राहिले.

चढलेला रंग उतरत नाही. वरून निळा चढवता येत होता, पण तो जरा जास्त पडला तर ओढणी वाया जाणार होती, आणि दुसरी आणायला वेळ नव्हता. बाई पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. चाचांनी निळ्या डब्यात बोटं घातली. "हात मन्हा, डोया तुन्हा," म्हणाले.

चिमटीतून चार कण पडले असतील. ओढणी बुडवली, तिचं एक टोक इस्त्रीने सुकवून मी उंबऱ्यात नेलं. "अजून." पुन्हा तेवढेच कण, मोजून ठेवल्यासारखे. "अजून थोडा." तिसऱ्यांदा टोक ब्लाउजपीसवर ठेवलं आणि कुठलं कापड कुठे संपतं, ते मला कळेना.

"जमनं का?" चाचांनी आतून विचारलं.

"जमनं, चाचा."

त्यांनी ओढणी मागितली नाही. माझ्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि गॅस बंद केला.