दिवा लागला की जालना

इंजिन सुरू झालं की मामा गाडीच्या मागे जायचे, खिशातून पांढराशुभ्र रुमाल काढायचे आणि सायलेन्सरच्या तोंडावर धरायचे. मग तो रुमाल रस्त्यावरच्या प्रत्येकाला दाखवायचे.

"बघा ताई, हाय का काळं? डिझल हाय म्हणून सांगितलं तर कुणाला पटतंय का?"

मी आपली मान डोलवायची. नाही डोलवली तर रुमाल थेट नाकाखाली यायचा.

वाटूर फाट्यावर माझं शिवणकामाचं दुकान. त्याला खेटून मामांचं घर आणि दोन्हींच्या मधल्या जागेत त्यांची ती गाडी. सगळ्या फाट्याचे ते मामाच. सगळी नोकरी अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या गाड्या सांभाळण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर माणसं प्लॉट घेतात, देवधर्म करतात. मामांनी एका शाळेचा वापरलेला डिझेल टेम्पो घेतला, आतले बाक उपटले आणि तिथे पलंग, शेगडी, पाण्याची टाकी असं अख्खं घर बसवलं. मागच्या कोपऱ्यात दार लावलेला छोटासा संडाससुद्धा होता. म्हातारपणी मामाला भलती हौस सुचली, असं सगळे म्हणायचे. मामाही हसून म्हणायचे, "मंग! हौसेला मोल न्हाई."

खरं कारण मला कळलं ते गाडीचे पडदे शिवताना. मी खिडकीला टेप लावत होते, मामी पलंगावर बसल्या होत्या. त्यांना साखरेचा आजार, घडीघडी जावं लागतं. "यष्टीत बसलं की जीव मुठीत, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "बाप्ये कुठंबी उभे ऱ्हातेत. बाईमाणसानं रस्त्यात जायाचं कुठं?" कित्येक वर्षांत त्या परतूरच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. नागपूरचा भाऊच दर भाऊबीजेला इकडे यायचा. यंदा त्याच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलेलं. "आता त्यानं न्हाई, म्याच जायाचं," मामी म्हणाल्या. बायकोची अडचण चव्हाट्यावर नको म्हणून या माणसाने सगळ्या गावाची चेष्टा स्वतःच्या अंगावर घेतली होती. त्या दिवशी मी पडद्यांना दुहेरी अस्तर लावलं.

पण आजकालची डिझेल गाडी म्हणजे जावई. तिचे मानपान फार. तिच्या सायलेन्सरमध्ये एक जाळी असते, ती धुरातली काजळी धरून ठेवते. मोकळ्या रस्त्यावर गाडी एका चालीत पळवली की ती काजळी आतल्या आत जळून जाते. मामा पळवणार कुठे? भाजी आणायला बाजारापर्यंत! मग जाळी तुंबायची, समोर पिवळा दिवा लागायचा आणि मामांना जालन्याच्या रस्त्याला चक्कर मारावी लागायची.

ही बातमी फुटायला कितीसा वेळ लागणार? लोक जालन्याची कामं दिव्यावर ठेवू लागले. "दाढ ठणकून राह्यली, पण मामाचा दिवा लागू द्या," असं म्हणत एक गृहस्थ गाल धरून आठवडाभर हिंडले. एकदा तर मुलगी पाहायला निघालेल्या मंडळींनी मुहूर्त सोडला आणि दिव्याची वाट पाहिली. अडचण एवढीच, की मामा मध्ये कुठे थांबायचे नाहीत. "आता थांबता येणार न्हाई, काजळी जळून राह्यली!" एका म्हातारीला वाटेतल्या तिच्या लेकीच्या गावी उतरायचं होतं. मामांनी तिला जालना दाखवलं आणि येताना लेकीकडे सोडलं. म्हातारी खूश होती म्हणा.

दिवाळी तोंडावर आली आणि मामांनी एक पराक्रम केला. या गाडीला धूर स्वच्छ करायला डिझेलशिवाय युरियाचं पाणीही लागतं. ते कॅनमध्ये विकत मिळतं आणि निळ्या झाकणाच्या टाकीत ओततात. मामांचा कॅन संपला आणि नेमका पंपावरही नव्हता. मामांनी शेजाऱ्याकडून कपाशीला टाकायचा युरिया आणला, बादलीत ढवळला, मामींच्या जुन्या पातळातून गाळला आणि दिला टाकीत ओतून. भोवती चार जाणती शेतकरी माणसं उभी होती. एकानेही अडवलं नाही. उलट एक जण म्हणाला, "मामा, मूठभर डीएपी खत बी टाका, जोर येईल."

धनत्रयोदशीला गाडीने टाहो फोडला. समोर लाल अक्षरं आली, की आणखी थोडं चालेन, मग बंद पडले की पुन्हा सुरू होणार नाही. मामा, मामी आणि मला बटणं आणायची होती म्हणून मी, असे आम्ही तसेच जालन्याला गेलो. मिस्त्रीने निळं झाकण उघडलं, नाक आत घातलं आणि चमकून वर पाहिलं.

"मामा, गाडीला कडुलिंब पाजला का?"

शेतीच्या युरियाला लिंबाचं तेल चोळलेलं असतं, हे मामांना ठाऊक होतं. ते म्हणाले, "मंग? तब्येतीला चांगलाच की."

मिस्त्री हसून हसून खाली बसला. फवारा मारणारी तोटी पांढऱ्या खड्यांनी बुजली होती आणि नवी तोटी दिवाळीनंतरच येणार होती. मग त्यानेच आवाज बारीक करून तोड सुचवली. "जाळी, टाकी, सगळं काढून टाकतो. आतल्या कॉम्प्युटरला गप करतो. आजच्या आज मोकळे. थोडा धूर मारंल, बस्स."

मामांनी मान खाली घातली. भाऊबीज चार दिवसांवर होती. मला वाटलं, हे आता हो म्हणणार. तेवढ्यात मागचा पडदा सरकला.

"बिलकुल न्हाई," मामी म्हणाल्या. "कारखान्याच्या चिमणीखाली जन्म गेला माझा. वाळत घातलेलं एक लुगडं कवा पांढरं राह्यलं न्हाई. ती काजळी आता मी लोकाच्या दारात टाकत जाऊ? मंग नाही जायाचं मला."

मामा ताठ झाले. "ऐकलं का मिस्त्री? बराबर दुरुस्त करा."

मिस्त्रीने टाकी धुऊन खरं पाणी भरलं. तोटी घरी काढून गरम पाण्यात भिजत ठेवा, खडे विरघळले तर तुमचं नशीब, असं सांगितलं. त्यामुळे लक्ष्मीपूजनाला मामांच्या ओट्यावर पणत्यांच्या रांगेत एक पातेलं वाफाळत होतं. मामी देवीला ओवाळत होत्या आणि अधूनमधून ओरडत होत्या, "दुधाचं पातेलं घेतलंय मेल्यानं!" मामा पाणी बदलत राहिले.

पाडव्याला तोटी बसवली. गाडी सुरू झाली, पण लाल अक्षरं जाईनात. चालवल्याशिवाय ती जाणार नव्हती. मामा गाडी घेऊन जालन्याच्या रस्त्याला लागले. मामी ओवाळणीचं ताट फडक्यात बांधून माझ्या दुकानात बसल्या. मी उगाच एकाच ब्लाउजला तुरपाई करत राहिले. बऱ्याच वेळाने हॉर्न ऐकू आला. एवढा लांबलचक हॉर्न कुणी वाईट बातमी सांगायला वाजवत नाही.

दुपारीच दोघे निघाले. ते अजून परतलेले नाहीत. नागपूरहून रामटेकला गेले, तिथून आणखी पुढे. मामीच म्हणतात म्हणे, एवढ्यात कशाला घरी? आमच्या दोन घरांच्या मधली जागा तशीच रिकामी आहे आणि मला तिकडे पाहिलं की करमत नाही.

भाऊबीजेला मामांचा फोन आला होता.

"पोचलो, ताई."

"मामींनी ओवाळलं?"

"ओवाळलं. दोघं बहीणभाऊ लई रडले. ते राहू द्या. ताई, मेहकरच्या फुडं तिनं गाडी थांबवाया लावली. म्या म्हणलं, मागं सगळी सोय हाय की, थांबायचं कशाला? तर म्हणती, चहा घेऊ."

"मग?"

"दोन कप घेतले, ताई. लग्न झाल्यापासून तिनं रस्त्यात कवा घोटभर पाणी घेतलं न्हाई. दोन कप चहा घेतला."