सिस्टर, तू बस

अक्का ‘शांत झाल्या’, असा निरोप गेल्या महिन्यात उंब्रजहून त्यांच्या भाच्याने आणला, आणि दुःखाच्या आधी मला रागच आला. शांत? लष्करात सिस्टर म्हणून उमेदीची वर्षं काढलेली ही बाई कुणापुढे कधी शांत बसली होती?

आमची गाठ पडली दुष्काळाच्या साली, सांगलीच्या इस्पितळात. मांडीचं हाड मोडून त्या माझ्या वॉर्डात पडल्या होत्या, पाय वजनाला टांगलेला. मी तिथली इनचार्ज सिस्टर. हाताखाली केरळची मेरी आणि तिच्यासारख्या नर्स पोरी, कन्नडच बोलणारी आया गंगव्वा, आणि खाटांवर म्हसवड, कवठे महांकाळकडच्या बाया. कुणाला कुणाचं कळायचं नाही, म्हणून प्रत्येक शब्द माझ्यामार्फत जायचा. दुभाषी मीच, हमालही मीच. ड्यूटी संपली तरी पाय घराकडे वळायचे नाहीत. एका दुपारी अक्कांच्या खाटेशीच मला रडू कोसळलं. ‘‘नोकरी सोडते अक्का... होत नाही आता.’’

‘‘सोड की! पर आदी बसाया शीक. तू न्हाईस तर वार्ड काय वाहून जातोय व्हय?’’

त्यांनी मला शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि मनगट धरून ठेवलं. पलीकडे मेरी एका म्हातारीच्या पोटावर हात ठेवून खुणेनं विचारत होती. मी उठणार, तर अक्कांनी ओढलं. म्हातारीनं मेरीचा हात उचलून स्वतःच्या पाठीवर नेला. ‘‘हितं गं, हितं दुखतंय!’’ गंगव्वा न सांगता शेकायची पिशवी घेऊन आली. तिघी हसल्या... मला कुणी हाकसुद्धा मारली नाही. खरं सांगते, मनाला थोडं लागलंच.

तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले. डॉक्टर आले की सिस्टरनं उभं राहायचं, हा तिथला नेम. ‘‘सिस्टर, बसलात कशा?’’

‘‘आवं डॉक्टर, म्या बसवलंय तिला,’’ अक्का कडाडल्या. ‘‘पोरी काम करत्यात, ती बघतीया. बघणं बी कामच हाय!’’

डॉक्टरांनी खुर्ची उचलायला लावली. दुसऱ्या दिवशी मी दुसरी आणली. बोलणी खाल्ली, तिसरी आणली. नोकरी मात्र सोडली नाही.

माझी बदली झाल्यापासून तो वॉर्ड मेरीकडे आहे. परवा अक्कांची बातमी सांगायला गेले, तर ती खुर्चीत बसून नव्या पोरींचं काम बघत होती. ऐकून तिनं डोळे पुसले. इतक्यात तेच डॉक्टर दारात आले. मेरी उठली नाही.

‘‘या डॉक्टर,’’ ती म्हणाली, ‘‘बसा.’’