कमलकाकूंनी नाही म्हटलं, त्याचं कारण

काल सकाळी कमलकाकूंच्या घरी गेले होते. मी ढोकीच्या बाजूच्या एका गावात आशा सेविका म्हणून काम करते. गावाचं नाव सांगत नाही आणि माणसांची नावंही बदलली आहेत... का, ते पुढं कळेल.

काकूंची नात दहा महिन्यांची झाली, तिचा गोवरचा डोस राहिलाय. शेजारच्या वस्तीवर दोन लेकरांना गोवर निघालाय. म्हणून जाणं भागच होतं.

गेल्या आठवड्यापासून मोबाईलवर परत तेच सुरू झालंय... कोरोनाचा नवीन व्हेरियंट, नवीन लाट. खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण गावात भीती आजाराची नाही, लसीची आहे. 'आता परत टोचायला येतील बघा,' असं बाया मला बघून हसत हसत म्हणतात आणि दार लोटून घेतात. लेकरांच्या नेहमीच्या लसीलाही लोक नाही म्हणायला लागलेत.

कमलकाकूंच्या दारात मात्र माझे पाय नेहमीच अडखळतात. हे आजपर्यंत कुठं लिहिलं नव्हतं...

दुसऱ्या लाटेत आमच्याकडं कुणीच लस घ्यायला तयार नव्हतं. काकूंचे मालक, नामदेवकाका, कारखान्याला ऊस नेणारा ट्रॅक्टर चालवायचे. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. मी चार वेळा त्यांच्या घरी गेले, अक्षरशः हातापाया पडले. 'काका, तुम्ही घेतली की गाव घेईल.' पाचव्या खेपेला ते हसले. म्हणाले, 'चल बाई, लई मागं लागलीस.'

दोन दिवसांनी जाऊन त्यांनी लस घेतली. त्याच संध्याकाळी काकूंचा फोन... ह्यांना ताप आलाय. मी म्हणाले, लस घेतल्यावर ताप येतोच, गोळी द्या, उतरेल.

तिसऱ्या दिवशी परत फोन आला. ताप हटत नव्हता. त्या दिवसांत फोन ठेवायला उसंत नव्हती आणि मीही तेच उत्तर दिलं... येतो ताप, घाबरू नका. टेस्ट करून घ्या, एवढं म्हणायला हवं होतं. नाही म्हणाले.

पाचव्या दिवशी काकांना धाप लागली. टेस्ट केली तर कोरोना. मग बेडसाठी वणवण. नवव्या दिवशी काका गेले. घरच्यांना तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही.

गावानं ठरवून टाकलं... सुईनं माणूस गेला. त्यानंतर लस न घेतलेलीही माणसं गेली, पण त्यांचं कुणी नाव काढत नाही. काढतात ते नामदेवकाकांचं.

तर काल. काकूंनी नेहमीसारखं बसायला सांगितलं, चहा ठेवला. लेक शेतात गेला होता. नात त्यांच्या मांडीवर, माझ्या गळ्यातल्या आयकार्डकडं हात करत होती.

"काकू, वस्तीवर गोवर आलाय. उद्या अंगणवाडीत सिस्टर येणार आहेत. पोरीला घेऊन या."

"न्हाय गं बाई. तुझ्यावर राग न्हाय... पण एकदा ऐकलं तुझं."

मला काय झालं कुणास ठाऊक. इतकी वर्षं गिळलेलं बाहेर आलं. "काकू, माझं चुकलं. तुम्ही तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हाच मी टेस्टला पाठवायला पाहिजे होतं. काका लसीनं नाही गेले, उशिरानं गेले. आणि तो उशीर माझ्यामुळं झाला."

काकूंनी सुनेला हाक मारली, पोरीला आत न्यायला लावलं. मग आवाज एकदम खाली आणून म्हणाल्या...

"ताप त्यांना सुई घ्यायच्या आदल्या दिवसापासनंच व्हता. ते म्हणत व्हते, आज जात न्हाय. म्याच म्हणले, तापाचं बोलू नका. कळलं तर कोरोनाच्या सेंटरला उचलून न्हेतील. गपचूप सुई घेऊन या."

चूल, भांडी, चहा... सगळं दिसत होतं, कळत काहीच नव्हतं.

"म्हणजे लसीचा काही दोष नव्हता, हे तुम्हाला माहीत होतं काकू?"

"मला काय कळत न्हाय व्हय? पण सुईला दोष न्हाय दिला, तर मग कुणाला देऊ? लेकाला काय सांगू... तुझ्या बापाचा ताप म्या लपवला म्हणून?"

दोघीही रडलो. खूप रडलो. मला वाटलं, आता मोकळ्या झाल्या, आता ऐकतील. डोळे पुसून परत विचारलं, "मग उद्या आणता ना पोरीला?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "उद्या हिला टोचून आणलं की लेक विचारील, आता कशी काय चालली लस? मग मला सगळंच सांगावं लागंल."

आज अंगणवाडीत दुपारपर्यंत वाट बघितली. त्या आल्या नाहीत, सूनही आली नाही. सिस्टरनं पोरीच्या नावापुढं 'नकार' लिहिलं आणि लसीचा बॉक्स बंद केला.

मला वाटायचं, लोकांना माहिती नसते म्हणून ते नाही म्हणतात. माहिती द्यायला मला शिकवलंय. पण जिला सगळं माहीत आहे, तिला काय सांगायचं... हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये नव्हतं. उद्या खरंच लाट आली तर मी कुठलं तोंड घेऊन दारोदार फिरणार?

काकूंनी मला खरं सांगितलं, त्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. माझ्या छातीवरचं अर्धं ओझं त्यांनी काल उचललं.

त्या पोरीला मात्र आमच्या खऱ्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.